चारशे पस्तीस जोड्या

"इथे बोट चुकलं असेल तुमचं," असं मोजणीवाली बाई म्हणाली, तेव्हा मास्तरांनी लगेच हो म्हणून टाकायला हवं होतं. विषय तिथेच मिटला असता. पण त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि टेबलावरच्या कागदाकडे नुसते बघत राहिले. कागदावर तीस गोल होते, प्रत्येक गोलात एक शब्द. दोर. ब्रेक. वंगण. दरवाजा. खड्डा. मेन स्विच. हाक. गोलांना जोडणाऱ्या रेघा अशा नेटक्या पडल्या होत्या की कुणी पट्टी लावून काढल्यासारख्या वाटाव्यात. "हे तुमचं डोकं आहे, सर," बाई मघाशी म्हणाली होती आणि मास्तरांना हसू आलं होतं. अठरा वर्षं लिफ्टचे कारागीर घडवणाऱ्या माणसाचं डोकं आतून असं दिसत असेल तर काही वाईट नव्हतं. मग तिनं पेन्सिलीचं टोक खालच्या उजव्या कोपऱ्यात टेकवलं. तिथे एक गोल एकटाच पडला होता. त्याला कुठूनही रेघ आलेली नव्हती. त्यात लिहिलं होतं, थांबणं.

हे मोजणीचं प्रकरण गेल्या आठवड्यात केंद्रात येऊन पडलं होतं. चांगले शिक्षक आपलं ज्ञान डोक्यात कसं रचून ठेवतात ते मोजायचं, आणि त्या रचनेवरून पुढचे अभ्यासक्रम बांधायचे, असं वरून पत्र आलं. सामानाच्या खोलीतली वायरची भेंडोळी एका कडेला सारून तिथे संगणक ठेवला गेला. पडद्यावर दोन शब्द यायचे. ते एकमेकांच्या किती जवळचे, ते एक ते नऊ यांतला आकडा दाबून सांगायचं, नऊ म्हणजे सगळ्यात जवळचे. दोर आणि वंगण: आठ. दरवाजा आणि वंगण: पाच. दोर आणि हातमोजे: सात. विचार करत बसायचं नाही, पहिलं मनात येईल ते दाबायचं. तीस शब्दांच्या चारशे पस्तीस जोड्या होतात हे बाईनं आधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर अकराच्या अकरा शिक्षकांनी पोबारा केला असता. दोनशेच्या पुढे तर मास्तरांना वाटायला लागलं की ही पोरांना शाळेत घोटून घेतात तशी काहीतरी शिक्षा आहे. बोट आपोआप चालायला लागलं. आणि बाईला नेमकं तेच हवं होतं, हे त्यांना आत्ता, या कोपऱ्यातल्या गोलाकडे बघताना कळत होतं.

"बाकी दहा जणांचं असं आहे," बाईनं दुसरे कागद पसरले. तिचा आवाज मऊ होता, पण कामात चोख बाई. "हाक, तिच्यापासून थांबणं, तिथून स्विच. तुमच्याकडे हाकेपासून थेट स्विचला रेघ गेलीय. हाक आणि स्विच नऊ. हाक आणि थांबणं एक. थांबणं आणि स्विच, तेही एक. तुमची खड्ड्याची सगळी बाजू इतकी छान आहे, म्हणून मला वाटलं बोट चुकलं."

"तीनदा चुकलं?" मास्तर म्हणाले. त्यांना गंमत करायची होती, पण ती साधली नाही.

बाईनं आणखी एक गठ्ठा पुढे केला. चौदा कागद, त्यांच्याच वर्गाचे. या चौदांनाही तिनं त्याच खोलीत बसवलं होतं. तिनं एकेक कागद उलटला आणि दर वेळी पेन्सिल त्याच शब्दावर नेली. चौदाच्या चौदा कागदांवर थांबणं एकटंच होतं. कुणाच्या वरच्या कोपऱ्यात, कुणाच्या खालच्या. "शिकवणारा तोंडानं काय सांगतो ते मुलं पाठ करतात," ती म्हणाली, "पण डोक्यात उतरतं ते शिकवणाऱ्याच्या डोक्यातलं. निदान आमचा तसा अंदाज आहे. ते जाऊ दे. तुमचाच कागद नमुना म्हणून धरायचा विचार आहे सगळ्या केंद्रांसाठी. चूक असेल तर उद्या सकाळी सांगा, मी दुरुस्त करून पाठवते." मास्तरांनी मान हलवली. खोलीबाहेर पडताना त्यांचा हात दाराच्या कडीवर जरा जास्तच वेळ राहिला. समोर कार्यशाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत तोच नियम रंगवलेला होता, जो ते रोज वाचत आणि वाचून घेत आले होते: हाक मारा. दहा आकडे मोजा. मगच स्विच.

हा नियम कुठून आला ते केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांना ठाऊक होतं, कारण तो त्यांच्याच तोंडून निघाला होता. एकोणीस वर्षांपूर्वी ते मास्तर नव्हते, कारागीर होते, आणि त्यांचा जोडीदार होता बायकोचा सख्खा भाऊ. त्याला सगळे लांब्या म्हणत. दारातून आत येताना आधी कपाळ सांभाळायचा आणि मग चपला काढायचा असा उंच. आठ मजली कचेरीची लिफ्ट होती, जुनी. वीज गेली की लिफ्ट जागीच थांबायची आणि वीज परत आली की कुणी न बोलावता आपली आपण तळाला जायची. लांब्या तळाच्या खड्ड्यातलं तेल पुसायला उतरला होता. खड्डा कमरेएवढा, आणि आत बंद करायचं बटणही नाही, तेव्हा नसायची. "तेल पुसतो, चहा घेतो आणि येतो वर," असं सांगून तो जिना उतरला होता. मास्तर वर मोटारीच्या खोलीत मेन स्विच बंद करून ब्रेक आवळत होते. आवळून झाला. हात फडक्याला पुसले. दोर खाली जातात त्या भोकाशी वाकून त्यांनी हाक मारली, "खाली कोण?" आणि हात स्विचवर होताच, त्यानं स्विच वर केला.

घाई नव्हती. हेच एक मास्तरांना कधी कुणाला समजावता आलं नसतं. भूक लागलेली नव्हती, घरी जायचं नव्हतं, कुणी मागे लागलेलं नव्हतं. लांब्याशी वाकडंही नव्हतं. उलट सकाळीच दोघं पोट धरून हसले होते कशावर तरी. हाक मारली आणि स्विच लावला, बस. आपण दार ओढतो आणि कडी घालतो, त्यात मध्ये काय असतं? काही नसतं. मोटार फिरली, दोर सरसर पळाले, आणि मग त्या सहाही दोरांना एक बारीकसा हिसका बसला. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. मास्तर दोरांवर हात ठेवून मोठे झालेले, त्यांना कळला. आजही रस्त्यानं जाताना कुठे शटर अडकून सुटलं तरी त्यांच्या तळहाताला तो हिसका बसतो आणि मग बराच वेळ त्यांना हातात काही धरवत नाही.

चौकशीला तिघे जण होते. त्यांतला एक म्हातारासा, बोलायला फार चांगला. त्यानंच विचारलं, "हाक मारल्यावर थांबलात ना?" "थांबलो." "साधारण किती?" आणि मास्तर म्हणाले, "दहा आकडे मोजले." दहाच का, कुणास ठाऊक. लपाछपीत दहा मोजतात म्हणून असेल. म्हातारबुवांनी ते लिहून घेतलं आणि मान डोलावली. या माणसानं आपल्याकडून काही बाकी ठेवलं नाही, असं अहवालात आलं. पुढे कुणीतरी त्या अहवालातून ते वाक्य उचललं आणि त्याचा नियम केला, छापला, भिंतींवर रंगवला. मास्तरांना परत कामावर कुठल्या इमारतीत जाववेना, तेव्हा केंद्रानं त्यांना शिकवायला घेतलं. आणि शिकवायला काय दिलं, तर दहा आकडे. मूग गिळून बसायचं म्हटलं तरी त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते वाक्य रोज बोलायचा त्यांना पगार होता.

जगायला माणसाला काहीतरी आधार लागतो. मास्तरांचा आधार असा होता की, थांबलो असतो तरी उत्तर आलं नसतं. आठ मजले खाली, लांब्याचा डावा कान जरा कमीच, फडक्याचा घसाघस आवाज. त्याला हाक पोचलीच नसणार. पोचली असती तर ओरडला नसता का? मग एक आकडा मोजला काय आणि दहा मोजले काय. ही समजूत त्यांनी एकोणीस वर्षं जपली होती. तिच्यावर ते झोपत, तिच्यावर उठत, बायकोच्या समोर बसून जेवत.

बायकोचा आधार वेगळा होता. त्या संध्याकाळी ती बटाटे सोलत होती आणि मास्तर समोर नुसते बसले होते. भाची, म्हणजे लांब्याची मुलगी, आतल्या खोलीत बुटांना पॉलिश करत होती. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ती आत्याकडेच राहत होती. बाप गेला तेव्हा पाच वर्षांची, आता चोविशीची, आणि उंचीनं बापावर गेलेली. स्वयंपाकघरातल्या टांगत्या दिव्याला तिचं डोकं रोज एकदा तरी लागायचं. उद्या तिचा शेवटचा सराव होता. सोमवारपासून ती एका जोडीदाराबरोबर खऱ्या इमारतीत कामाला जाणार होती. "उद्या तिच्याकडून ते दहा आकडे पुन्हा घोटून घ्या," बायको खाली मान घालूनच म्हणाली. "मी हिला या कामाला हो म्हटलं ते तेवढ्यासाठीच. माझ्या भावाच्या वेळी निदान तुम्ही थांबला तरी होतात. त्याचं नशीबच फिरलेलं. पण दुसरा कुणी असता तर तेवढाही थांबला नसता, आणि मला जन्मभर त्याचं तोंड बघवलं नसतं."

"हो," मास्तर म्हणाले.

"काय हो?"

"घेतो घोटून."

आतून भाचीचा आवाज आला, "आत्या, मला ते झोपेतसुद्धा येतं." आणि तिनं वर्गात मास्तर म्हणतात अगदी तस्सं, शेवटचा शब्द जरा लांबवून म्हणून दाखवलं. "खाली कोऽण? दहा आकडे!" बायको हसली. अठरा वर्षं मास्तर हे असंच म्हणत आले होते, आणि यात काय आहे ते त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. आकडे नव्हतेच त्यात. दहा आकडे हे दोन शब्द तेवढे होते. मोजायच्या जागी ते हे दोन शब्द म्हणायचे आणि स्विच लावायचे. हाकेनंतरची शांतता त्यांना सोसायची नाही, म्हणून त्यांनी ती या दोन शब्दांनी भरून काढली होती. वर्गात खड्डा रिकामाच असतो, तिथे कोण विचारणार? आणि पोरं उचलतात ती अशी. मास्तर खोकतात कसे तेही उचलतात. अठरा वर्षांत किती वर्ग झाले, किती जण शहरभर, कुठल्या कुठल्या मोटारीच्या खोल्यांमध्ये या क्षणी भोकाशी वाकले असतील, याचा विचार त्यांच्या मनात यायला लागला. उठून कुणाकुणाला सांगणार? आणि काय सांगणार?

सकाळी ते आधी बाईकडे गेले. रात्रभर त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं, खरं वाक्य, लहानसंच. बाईनं मान वर करून बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर इतका साधा विश्वास होता की तयार केलेलं वाक्य जिभेवरून मागे फिरलं. "बोट चुकलं," ते म्हणाले. "वाटलंच मला," असं म्हणून बाईनं तीन आकडे बदलले. पडद्यावर कोपऱ्यातला गोल आपली जागा सोडून वर सरकला आणि हाक आणि स्विचच्या मधोमध जाऊन बसला. दोन्हीकडून रेघा आल्या. एवढं सोपं होतं ते. मास्तरांनी एका कागदावर सही केली. "विद्यार्थ्यांचे मात्र आहेत तसेच ठेवावे लागतील," बाई म्हणाली. "ते काही मला बदलता येणार नाहीत." तिनं चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं. दारापर्यंत जाईतो त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की एकदा ते मागे वळलेही; पण बाई तोवर दुसऱ्या कुणाच्या डोक्यात गढून गेली होती.

सरावाची लिफ्ट केंद्रात तीन मजली होती. वर मोटारीची खोली, खाली खड्डा, खड्ड्यात हाताशी लाल बटण. ते दाबलं की वरून कुणी काहीही केलं तरी लिफ्ट हलत नाही. एरवी स्विच लावला की ही लिफ्टही तळाला यायची, आणि पुढच्याच्या सरावासाठी ती पुन्हा वर नेत. चौदा जण वर दाटीवाटीनं उभे होते. मास्तरांनी एकेकाला पुढे बोलावलं. "खाली कोण? दहा आकडे." खट्. "खाली कोण? दहा आकडे." खट्. तिसऱ्याला त्यांनी अडवलं. "म्हणायचं नाही. मोजायचं. मनात, पुरे दहा." पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. "सर, दाखवा ना एकदा," भाची म्हणाली. वर्गात ती त्यांना सरच म्हणायची. मास्तर भोकाशी वाकले. हाक मारली. एक. भोकातून गार वारा तोंडावर आला. दोन. सहा दोर खाली अंधारात गेलेले. तीन म्हणेपर्यंत त्यांना वाटलं की आता खालून काहीतरी येईल, किंवा काही येणार नाही, आणि या दोहोंतलं काय जास्त वाईट ते त्यांना ठरवता येईना. खट् असा आवाज झाला. त्यांनी बघितलं तर त्यांचाच हात स्विच वर करून उभा होता. पोरांना वाटलं सरांनी मुद्दाम चूक करून दाखवली. सगळे हसले. "असं करायचं नाही, कळलं," एक जण दुसऱ्याला म्हणाला.

मग त्यांना वाटलं की आपल्या हातून वरून काही व्हायचं नाही, पण खालून होईल. या पोरांच्या हाकेला आजवर कधी उत्तरच आलेलं नाही. एकदा खालून माणसाचा आवाज आला की हात जागच्या जागी थांबेल, आणि थांबलेला हात विसरत नाही. हे त्यांना कारागिरीतून पक्कं माहीत होतं. "मी आलोच," ते म्हणाले. भाचीला सांगितलं, "तू सराव चालू ठेव. नेहमीसारखाच." मोजायचं मात्र बजावायचं राहिलं, किंवा बजावायचं तोंड नव्हतं. जिना उतरताना बऱ्याच वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं: हो, मी आहे खाली. साधं, स्वच्छ. घाईनं ओरडायचं नाही, माणूस काम करताना जसं उत्तर देतो तसं द्यायचं.

त्यांनी तळाचं दार किल्लीनं उघडलं, आधी वाकून लाल बटण दाबलं, दोनदा हलवून खात्री केली आणि मग खड्ड्यात उतरले. एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदाच खड्ड्यात उभे होते. तेलाचा वास तोच होता. वर लिफ्टचा काळा तळ दिसत होता आणि त्याच्या कडेनं उजेडाची एक फट. इथे आवाज कसे येतात याचं त्यांना नवल वाटलं. वर कुणी नाक ओढलं तेसुद्धा ऐकू येत होतं. बूट सरकल्याचं, कुणी कुणाला कोपर मारल्याचं, सगळं भिंतीवरून घरंगळत थेट कानात. तीन मजल्यांचं इतकं स्वच्छ, तर आठ मजल्यांचं काय नसेल आलं? तो विचार त्यांनी ढकलून दिला. हात लाल बटणावर ठेवला.

"खाली कोण?" वरून भाचीचा आवाज आला.

मास्तरांनी मान वर केली. छातीत हवा घेतली, माणूस बोलायच्या आधी घेतो तेवढीच. ओठ उघडले.

"दहा आकडे," वर भाची म्हणाली, आणि खट्.

त्यांचा 'हो' तोंडातच राहिला. वर काहीतरी गुरगुरलं आणि गप्प झालं. लिफ्टचा तळ जागचा हलला नाही, कारण बटण दाबलेलं होतं. फक्त मास्तर खाली बसले. त्यांनी उशीर केलाच नव्हता. डावा कान, फडक्याचा आवाज, आठ मजले, यातलं काहीही मध्ये आलेलं नव्हतं. हाक ऐकू आली होती आणि ते उत्तर देतच होते. लांब्याही देतच असणार. मान वर करून, त्या लांबलचक अंगानं ताठ उभा राहून, हवा घेऊन. एवढ्या एका श्वासाचाच प्रश्न होता. मास्तरांनी ज्या समजुतीवर एकोणीस वर्षं काढली होती ती आता शोधूनही सापडेना.

वर गलका झाला. "खाली येत नाहीये." "फ्यूज बघ." "सर कुठे गेले?" मग पावलं भोकापाशी आली आणि भाचीचा आवाज पुन्हा आला, या वेळी जरा बिचकत. "खाली कुणी बटण दाबलंय का?" आणि ती थांबली. आत्ता थांबली. मास्तरांना तिचं ते थांबणं तीन मजल्यांवरून ऐकू येत होतं.

"हो," ते म्हणाले. आवाज फाटका निघाला. "मी आहे खाली."

वर भाची हसली, मोकळी, बापासारखी, आणि वर्गाचं भान विसरून घरच्यासारखं म्हणाली, "अहो काका, मग मी हाक मारली तेव्हाच बोलायचं ना."

बाकीचे तेराही हसायला लागले. "सोडा ते बटण, मी परत लावते," ती वरून सांगत होती. मास्तर लाल बटणावर दोन्ही हात दाबून तसेच बसून राहिले.